तीन इनटेक आणि एक रिमॅप

माझी पोलो एक लिटरची टीएसआय आहे, मॅन्युअल, २०२१ ची, चाकणला बनलेली. कंपनीचे आकडे ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. तीन सिलिंडरच्या इंजिनातून एवढं निघतं ते टर्बोमुळे, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यामुळे. मोकळ्या हायवेवर गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. कुरबुर होती ती खालच्या आरपीएमची, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाची. मागच्या सीटवर आई-बाबा, डिकीत सामान, एसी चालू आणि कसारा घाटाच्या चढावर समोर ट्रक, असं झालं की वेग पडायचा. आरपीएम दीड हजाराच्या आसपास आले की गाडी दबायची. सेकंडला टाकली तर इंजिन ओरडायचं, थर्डला ठेवली तर उठायची नाही. मुलुंडहून नाशिकला आमचं सतत जाणं-येणं असतं, त्यामुळे हे दुखणं चांगलंच ओळखीचं झालं होतं.

गाड्यांचं वेड असलेल्या कुणालाही हे सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘आधी इनटेक टाक, मग ट्यून कर.’ इनटेक म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर आणि त्याचा पाइप; ट्यून किंवा रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले, म्हणजे ईसीयूमधले, तक्ते (मॅप) बदलणं. कुर्ला-कलिना भागातल्या सीएसटी रोडवर चक्कर मारली तर तिथेही तेच. शंकूच्या आकाराचे लाल फिल्टर काचेमागे ओळीने मांडलेले, आणि प्रत्येक दुकानदाराकडे ‘दहा बीएचपी कुठे गेले नाहीत’ हे वाक्य तयार. मला ते दहा बीएचपी (म्हणजे साधारण दहा पीएस) नेमके कुठून येतात हे समजून घ्यायचं होतं. पैसे माझे, इंजिन माझं, आणि गाडी अजून बरीच वर्षं चालवायची आहे. म्हणून ठरवलं की आधी मोजायचं, मग बदलायचं, मग पुन्हा मोजायचं.

भांडुपला एलबीएस रोडच्या आत एक गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, ट्यूनचं नंतर बघू. आधी गाडी ठणठणीत आहे का ते बघूया. बारीकसारीक काही असेल तर ट्यून केल्यावर ते दुप्पट होऊन समोर येतं.” त्यांनी प्लग काढून पाहिले, कॉइल तपासल्या, आणि टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या होजमध्ये धूर सोडला. होज आवळणाऱ्या ज्युबिली क्लिपच्या कडेने धुराची एक बारीक रेघ वर आली. टर्बोने दाबलेली हवा तिथून थोडी थोडी निसटत होती. क्लिप बदलली आणि मामांनी पान्याने शेवटचा अर्धा आटा फिरवताना दुसऱ्या हाताने होज धरून ठेवला, पिळला जाऊ नये म्हणून. ट्यूनिंगला निघालेल्या प्रत्येकाने ही धुराची तपासणी करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. जिथे गळती आहे तिथे ईसीयू टर्बोला जास्त राबवून भरपाई करतो, आणि गाडी चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आता मोजायचं कशाने? गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे ईसीयूशी बोलायच्या सॉकेटला, डाँगल लावला की हवेचं तापमान फोनवर दिसतं, हे खरं. पण या इंजिनात एक गोम आहे. ईए२११ घराण्यातल्या या इंजिनाचा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि तो थेट इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, आत बसवलेला आहे. म्हणजे फोनवर दिसणारा आकडा टर्बोने तापवलेल्या आणि इंटरकूलरने निववलेल्या हवेचा असतो. फिल्टरमधून आत शिरताना हवा किती गरम होती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून के टाइपचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि त्याचं छोटं मीटर आणलं. त्याची तार केसाएवढी बारीक. फिल्टरच्या लगेच पुढे, पाइपच्या रबरी जोडातून ती आत सरकवली आणि टोक कुठेही भिंतीला टेकणार नाही असं बसवलं. टेकलं तर प्लास्टिकचं तापमान दिसतं, हवेचं नाही. तारेचं दुसरं टोक बॉनेटच्या रबराखालून काढून खिडकीतून आत घेतलं.

दुसरं मोजमाप फिल्टर हवा किती अडवतो याचं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. माशांच्या टाकीला लावतात तशी पारदर्शक नळी घेतली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून लाकडी पट्टीवर बसवली, शेजारी शाळेतली फूटपट्टी चिकटवली आणि नळीत पाणी भरलं. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकली. नळीचं एक टोक फिल्टरच्या पुढच्या पाइपला जोडलं, दुसरं मोकळं ठेवलं. इंजिन हवा ओढायला लागलं की त्या पाइपमध्ये दाब किंचित कमी होतो आणि एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पाण्यातलं अंतर म्हणजे फिल्टरचा अडथळा.

रविवारी पहाटे शहापूरच्या पुढच्या चढावर मी गाडी चालवत होते आणि धाकटा भाऊ शेजारी मांडीवर ती पट्टी उभी धरून बसला होता. सेकंड गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की निळं पाणी थरथरत चढायचं, आणि तो फोनवर त्याचं शूटिंग करायचा. घरी आल्यावर व्हिडिओ थांबवून थांबवून आकडे काढले. गाडीत तेव्हा जो फिल्टर होता त्याने सुमारे ३० सेंटिमीटर दाखवले. आमच्याकडे एलबीएस रोडवर मेट्रो ४ चं काम चालू आहे, आणि ती सगळी धूळ या फिल्टरने खाल्ली होती. कंपनीचाच नवा कागदी फिल्टर टाकल्यावर तोच आकडा १८ वर आला.

आता या आकड्यांचा अर्थ. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब म्हणजे साधारण १० मीटर ३३ सेंटिमीटर पाण्याचा दाब. त्यातले १८ सेंटिमीटर म्हणजे पावणेदोन टक्के. जगातला सर्वोत्तम फिल्टर आणा, अगदी फिल्टर काढूनच टाका, तरी या पावणेदोन टक्क्यांपलीकडे वाचवायला काही नाहीच. ११० च्या पावणेदोन टक्के म्हणजे दोनही पीएस होत नाहीत. दुकानातल्या दहा बीएचपीचा हिशेब माझ्यापुरता तिथेच मिटला.

शिवाय टर्बो इंजिनात ते दोनही सरळ हातात पडत नाहीत. जुन्या साध्या इंजिनात हवा जेवढी सहज येईल तेवढी आत जाते आणि तेवढी ताकद मिळते. इथे मात्र ईसीयूने आधीच ठरवलेलं असतं की अमुक आरपीएमला, ॲक्सिलरेटर इतका दाबल्यावर, इतका टॉर्क द्यायचा. तेवढी हवा मिळाली की तो वेस्टगेट, म्हणजे टर्बो फिरवणारा धूर बाजूने सोडून देणारी झडप, उघडतो आणि टर्बोचं फिरणं आवरतो. फिल्टर मोकळा असला तर तेवढीच हवा टर्बोला जरा कमी कष्टात मिळते, इतकंच. मॅप जुनाच असेल तर शिखरावरची ताकद तीच राहते. म्हणून ‘आधी इनटेक, मग ट्यून’ हा क्रम टर्बो गाडीला लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

तरी मला प्रत्यक्ष पाहायचं होतं. एका मित्राच्या गाडीवरून उतरवलेला उघडा शंकू फिल्टर मिळाला, तेल लावलेल्या सुती जाळीचा. मामांनी कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचं प्लास्टिकचं खोकं, काढून तो बसवला. आवाजाबद्दल खरं सांगायचं तर मी पहिल्याच गल्लीत खूश झाले. ॲक्सिलरेटर दाबला की टर्बोचा श्वास ऐकू येतो, पाय उचलला की दाबलेली हवा सुस्कारा टाकत परत फिरते. एरवी हे सगळं एअरबॉक्सचं प्लास्टिक गिळून टाकतं. फक्त आवाजासाठी हा फिल्टर लावणारे मला पूर्ण समजतात.

निळ्या पाण्याने ७ सेंटिमीटर दाखवले. म्हणजे अडथळा खरंच अर्ध्याहून कमी झाला, त्या बाबतीत फिल्टर बनवणाऱ्यांचं खोटं नाही. पण थर्मोकपलची गोष्ट वेगळी निघाली. मे महिन्यातली संध्याकाळ, बाहेर ३३ अंश, भांडुप ते मुलुंड बंपरला बंपर लागलेला. कंपनीच्या बॉक्सने अशाच ट्रॅफिकमध्ये ४३ अंश दाखवले होते, कारण त्याचं तोंड पुढच्या जाळीच्या मागे आहे आणि तो बाहेरची हवा घेतो. उघडा शंकू मात्र बॉनेटखालची, टर्बो आणि एक्झॉस्टने तापवलेली हवा ओढत होता. मीटर ६६ वर जाऊन थांबलं. ऐरोलीच्या पुलावर गाडी साठने धावायला लागल्यावर ते उतरलं, पण ४७ च्या खाली येईना. बॉक्सचा त्या वेगाचा आकडा ३६ होता.

हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी कमी होते. २३ अंशांचा फरक म्हणजे सात टक्के. अडथळ्यात एक टक्का वाचवून उष्णतेत सात घालवायचे, असा हा सौदा. इंटरकूलर बराचसा फरक भरून काढतो, हेही नोंदवलं पाहिजे. मॅनिफोल्डमधलं तापमान बॉक्ससोबत ५२ आणि शंकूसोबत ५८ होतं, म्हणजे तिथे फक्त सहाच अंशांचा फरक उरला. पण मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये इंटरकूलरचं पाणी स्वतःच तापलेलं असतं आणि ते निवायला वेळ लागतो. त्यात विरळ हवेतून तेवढाच प्राणवायू आत ढकलायचा तर टर्बोला जास्त फिरावं लागतं, आणि ते फिरणं यायला क्षणभर जास्त लागतो. माझी मूळ तक्रार याच क्षणाची होती. सिग्नलवरून निघताना गाडी आधीपेक्षा मंद वाटत होती, आणि लॉगमध्ये त्याचं कारणही दिसलं. नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकणं, टाळण्यासाठी ईसीयू इग्निशन मागे घेत होता, म्हणजे ठिणगी उशिरा पाडत होता. आधी हा उशीर इंजिनाच्या फिरण्याच्या एक-दीड अंशाच्या आत असायचा, तो तीन-चारवर गेला होता.

शंकूभोवती मामांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आडोशाची भिंत केली, वरून बॉनेटला टेकेल असं रबर लावलं. धावत्या गाडीत फरक पडला, उभ्या गाडीत जवळजवळ नाही. एलबीएस रोडवर गाडी धावते किती आणि उभी असते किती, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

तिसरा प्रयोग बंद डब्याचा. कार्बन फायबरचा नळकांड्यासारखा डबा, आत फिल्टर, आणि हवेसाठी लवचीक पाइप बंपरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत नेलेला. किंमत पाच आकडी, म्हणून विकत न घेता ओळखीतून वापरायला आणला. आकड्यांत हा सगळ्यांवर भारी होता. अडथळा ११ सेंटिमीटर, ट्रॅफिकमध्येही ३७ अंश. पुण्यात किंवा नाशकात राहत असते तर कदाचित हाच ठेवला असता.

मुंबईत नाही ठेवला, कारण पाऊस. पाइपचं तोंड घोट्याच्या जरासं वर होतं. हिंदमाता, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, यातल्या एखाद्या ठिकाणी जुलैमध्ये अडकलेल्याला पाणी किती पटकन चढतं हे माहीत असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, पण तेवढा लागतही नाही. समोरून बस गेली की तिची लाट पुरते. हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडण्यावाचून मार्ग नाही, आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. मामांनी पाइपचं तोंड उचलून पुढच्या जाळीच्या मागे, वरच्या अंगाला नेऊन पाहिलं. तापमान ४१ झालं. म्हणजे कंपनीच्या बॉक्सच्याच जागेवर, जवळजवळ त्याच्याच आकड्यावर, फक्त कार्बन फायबरचा डबा घेऊन आम्ही पोचलो होतो. मामांनी काही न बोलता जुना बॉक्स फडक्याने पुसायला घेतला.

या सगळ्यानंतर माझ्या मनात कंपनीच्या इंजिनिअर लोकांबद्दलचा आदर खूप वाढला. त्या काळ्या, कुरूप प्लास्टिकच्या खोक्यात बाहेरची थंड हवा, पावसापासून उंची, आवाज दाबणारी पोकळी आणि पाणी निचरायचं भोक इतकं सगळं विचार करून बसवलेलं आहे.

रिमॅपसाठी तळोजाला एका डायनोवर गेलो. डायनो म्हणजे चाकांखाली रोलर. गाडी जागेवरच धावते आणि चाकांवर किती ताकद पोचते ते मोजलं जातं. ट्यूनर तरुण मुलगा होता, व्हीजेटीआयचा इंजिनिअर, बोलायला नम्र आणि कामात काटेकोर. मी तिन्ही इनटेक डिकीत घालून नेले होते. मुद्दाम एक गोष्ट तपासायची होती. डायनोवर पद्धत अशी की बॉनेट उघडं ठेवायचं आणि समोर मोठा पंखा लावायचा. अशा वेळी उघडा शंकू सरळ पंख्याची थंड हवा खातो. तसं केल्यावर शंकूने कंपनीच्या बॉक्सपेक्षा तीन पीएस जास्त दाखवले. मग त्याला म्हटलं, “बॉनेट लाव, गाडी दहा मिनिटं उभीच चालू दे, आणि मग परत कर.” तो म्हणाला, “मॅडम, असं कुणी करत नाही.” पण केलं त्याने. या वेळी शंकू बॉक्सपेक्षा दोन पीएस खाली होता. एकच गाडी, काही न बदलता पुन्हा पुन्हा पळवली तरी आकडा एक-दोन पीएसने हलतो, हे लक्षात घेऊनही दिशा स्पष्ट होती. डायनोचा कागद कुणी पुढे केला तर बॉनेट उघडं होतं की बंद, हे आधी विचारावं.

दुसरा प्रश्न करेक्शनचा. डायनोचं सॉफ्टवेअर त्या दिवशीचं तापमान, दाब आणि दमटपणा धरून आकडा एका प्रमाण हवेवर आणून दाखवतं. एसएई जे१३४९ मध्ये ते प्रमाण २५ अंशांचं आहे. आपल्याकडच्या दमट हवेत वाफेने प्राणवायूची तीन-चार टक्के जागा अडवलेली असते, त्यामुळे करेक्शन मोठं येतं. टर्बो गाडी ही भरपाई स्वतःच बरीचशी करते, वर सॉफ्टवेअरही करतं, आणि कागदावरचा आकडा फुगतो. ट्यूनरने हे स्वतःहून सांगितलं आणि करेक्शन बंद ठेवून त्याच दिवसाचे आधीचे-नंतरचे आकडे दिले. तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मूळ आकडा चाकांवर ९६ पीएस आणि १५८ न्यूटनमीटर निघाला. इंजिनपासून चाकांपर्यंत जाताना काही ताकद गिअरबॉक्स आणि टायर खातात, ते धरलं तर कंपनीच्या दाव्याशी हा आकडा जुळतो. मग त्याने मूळ फाइल ओबीडीतून वाचून घेतली आणि तिची एक प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर दिली. विचारलं, “पेट्रोल कोणतं भरता?” तेव्हा आपल्याकडे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१ असायचं. मुंबईत ९५ सहज मिळतं, इंडियन ऑइलचं एक्सपी ९५ घराजवळच आहे, आणि मी तेच भरते. ऑक्टेन जितकं जास्त तितकं पेट्रोल दाबाखाली आपोआप भडकण्याआधी जास्त तग धरतं, आणि तितकं इग्निशन पुढे आणता येतं. त्याने फाइल ९५ साठी बनवली, पण नॉकिंगचं संरक्षण तसंच ठेवलं, म्हणजे कधी आडगावी साधं पेट्रोल भरावं लागलं तरी ईसीयू स्वतःला सावरून घेईल. इथेनॉल मिसळल्यामुळे पेट्रोलला लागणारं हवेचं प्रमाण १४.७ ला एक हे राहत नाही, ते खाली येतं. त्यामुळे इंधनाची भरपाई करण्याची ईसीयूची मुभाही त्याने कमी केली नाही.

मग मी माझी मागणी सांगितली: दीड हजार आरपीएमला ताकद हवी. त्याने सरळ नकार दिला. छोट्या, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात खालच्या आरपीएमला खूप दाब दिला तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो. याला एलएसपीआय म्हणतात, आणि एकाच झटक्यात पिस्टन फुटू शकतो. हे टाळायला मदत करणारी ऑइलं एपीआय एसपी या दर्जाची असतात, २०२० मध्ये तो दर्जा आला. ऑइलचा डबा घेताना हे अक्षर पाहायची सवय मला त्या दिवसापासून लागली. “अठराशेच्या खाली मी हात लावणार नाही,” तो म्हणाला. “अठराशे ते अडीच हजारमध्ये बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, लवकर चढेल असं करतो. आणि चढावर तुम्ही एक गिअर खाली टाका.” नाही म्हणू शकणारा ट्यूनर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मागू ते देणारे कितीतरी आहेत.

पहिली फाइल टाकून गाडी रोलरवर पळवली. त्याची नजर पीएसच्या आकड्यावर नव्हतीच, ती तीन सिलिंडरांच्या तीन वेगळ्या रेघांवर होती, प्रत्येकात इग्निशन किती मागे जातंय त्यावर. एक सिलिंडर बाकी दोघांपेक्षा जरा जास्त मागे जात होता. त्याने त्या पट्ट्यात इग्निशन थोडं कमी केलं, बूस्ट जरासा उतरवला, पुन्हा पळवली. शिखरावरचा टॉर्कही त्याने क्लचचा विचार करून आवरता घेतला. अखेरचा आकडा चाकांवर ११३ पीएस आणि १९६ न्यूटनमीटर. याच फाइलवर कागदी फिल्टर आणि एअरबॉक्समध्येच बसणारा सुती फिल्टर दोन्ही लावून पाहिले. फरक मोजमापाच्या चुकीत विरून गेला. सुती जाळी बारीक धूळ जास्त आत सोडते, आणि त्या वाळूसारख्या कणांनी टर्बोची पाती आणि सिलिंडर घासले जातात. आमच्या रस्त्याची धूळ पाहता कागदी फिल्टरच ठेवला.

कसाऱ्याला फरक पहिल्याच चढावर कळला. थर्डमध्ये एकोणीसशेवरून गाडी आता उचलते, ट्रकला ओलांडायला सेकंड लागत नाही. दीड हजारला ती आजही दबते, आणि तिथे मी आता मुकाट गिअर बदलते. मे महिन्यातल्या ट्रॅफिकनंतर लगेच दाबली तर ताकद थोडी कमी मिळते. हवा तापली की ईसीयू मागे सरतो, आणि तो सरकायलाच हवा, म्हणून तापमानाचे तक्ते मूळचेच ठेवायला मी सांगितलं होतं. मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. माझी वॉरंटी संपलेली होती. वॉरंटीतल्या गाडीचा मॅप बदलला तर फोक्सवॅगनच्या यंत्रणेत टीडी१ अशी खूण पडते, आणि इंजिनाचे दावे अडू शकतात. मूळ फाइल परत टाकली तरी ती खूण आपोआप जात नाही. विमा कंपनीला मी रिमॅपबद्दल लेखी कळवलं. त्यांनी हप्ता थोडा वाढवून पॉलिसीत नोंद केली. न कळवता अपघात झाला असता तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळालं असतं. पीयूसीला गाडी सहज पास झाली. बीएस ६ पेट्रोल गाडीला आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे आकडे मर्यादेच्या बरेच खाली आले. रिमॅपसोबत कन्व्हर्टर काढायचा सल्लाही काही ठिकाणी मिळतो. ज्या शहरात आपली मुलं आणि म्हातारी माणसं श्वास घेतात तिथे ते करायला माझं मन कधीच तयार होणार नाही.

शंकू फिल्टर मित्राला परत गेला, सोबत तापमानाच्या आकड्यांचा कागदही दिला. कागदी फिल्टर आता मी सर्व्हिसची वाट न बघता बदलते. पावसाळ्याआधी बॉक्स उघडून मामा तळाचं भोक तारेने मोकळं करतात, आणि पाऊस संपला की निळ्या पाण्याची नळी पुन्हा जोडून बघतो. पाणी २५ सेंटिमीटरच्या वर गेलं की नवा फिल्टर.